दातांचा जमाखर्च : तोंडातील आम्ल, लाळ आणि वेळ

धातूंच्या क्षरणाचा पाठ सुरू करताना मी वर्गात दरवर्षी एक प्रश्न विचारते. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, साधे पाणी सोडून, तुमच्या तोंडात किती वेळा काही गेले? जेवणे मोजा, चहा मोजा, मित्राच्या पुड्यातून उचललेले दोन वेफर्सही मोजा. बहुतेक जण आधी ‘चार-पाच वेळा’ म्हणतात. मग वहीत तासवार लिहायला सांगितले की आकडा नऊ-दहावर जातो. एका वर्षी एकाचा आकडा सतरा निघाला. तो रात्री प्रोजेक्टचे काम करताना थंड पेयाची बाटली शेजारी ठेवायचा आणि दर दहा मिनिटांनी एक घोट घ्यायचा.

हा प्रश्न मला माझ्या दंतवैद्याने शिकवला. वसतिगृहात असताना माझा चहा दिवसाला सहा कप होता, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री एक वाजता त्याबरोबर बिस्किटे. दात मी सकाळी घासत असे, तेही अगदी जोर लावून, आणि त्याचा मला अभिमान होता. एकोणतिसाव्या वर्षी खालची डावी दाढ ठणकू लागली. रूट कॅनाल झाले, वर टोपी बसली. पुढे काही वर्षांनी ती दाढ उभी चिरली आणि काढावी लागली. त्या पहिल्या भेटीत डॉक्टरांनी ‘दिवसातून किती वेळा घासता?’ हे नंतर विचारले. आधी विचारले, ‘दिवसभर काय काय पिता आणि किती वेळ पीत बसता?’ मी क्षरणाचा दर शिकवणारी बाई. तरी स्वतःच्या तोंडात तोच हिशेब चालू आहे, हे मला कधी सुचले नव्हते.

तो हिशेब समजून घेण्यासाठी आधी दाताकडे एक पदार्थ म्हणून पाहू. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. वजनाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिज आहे. हे खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा स्फटिक, हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट. आपल्या शरीरात याहून कठीण काही नाही. मोह्सच्या मोजपट्टीवर त्याची कठीणता 5 च्या आसपास येते. मात्र जाडी फार नाही. दाढेच्या उंचवट्यावर ती जेमतेम अडीच मिलिमीटर असते आणि हिरडीकडे जाताना अगदी पातळ होत जाते. हे कवच ज्या पेशींनी तयार केले, त्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा होतात. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरते, कारण तिथे पेशी हजर असतात. इनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी नाही. त्यामुळे एकदा खड्डा पडला की तो आतून भरून येत नाही.

पण इनॅमल अगदीच निराधारही नाही. त्याच्या पृष्ठभागावर आयनांची देवाणघेवाण सतत चालू असते. तोंडात आम्ल वाढले की हायड्रोजन आयन स्फटिकातील हायड्रॉक्सिल आणि फॉस्फेट ओढून घेतात आणि कॅल्शियम सुटून लाळेत जातो. आम्ल कमी झाले की लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट पुन्हा स्फटिकावर बसतात. खर्च आणि जमा, दोन्ही रोज होतात. दिवसाअखेर शिल्लक कोणत्या बाजूला राहते, यावर दाताचे भवितव्य ठरते. इनॅमल ज्याच्याखाली विरघळू लागते तो सामू, म्हणजे आपण प्रयोगशाळेत ज्याला पीएच म्हणतो तो, साधारण 5.5 आहे.

आता हे आम्ल येते कुठून? दाताला ‘कीड लागते’ असे आपण म्हणतो आणि लहानपणी खरोखर एखादा किडा डोळ्यांसमोर येतो. किडा नसतो. दातावर जिवाणूंचा एक चिकट थर सतत जमत असतो. त्यातील स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी काढलेले दात, लाळ आणि पाव किंवा साखर असे मिश्रण उबेत ठेवून ही गोष्ट दाखवली. त्यांचे पुस्तक 1890 चे आहे. म्हणजे मूळ यंत्रणा कळून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली.

आपल्या हिशेबाला लागणारा दुसरा दुवा 1940 च्या दशकातला आहे. रॉबर्ट स्टेफन या संशोधकाने साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यानंतर दातावरच्या थराचा सामू वेळेनुसार मोजला. त्याचा आलेख स्टेफन वक्र म्हणून ओळखला जातो. चूळ भरल्यावर काही मिनिटांतच सामू सातच्या आसपासून घसरून पाचपर्यंत किंवा त्याखाली जातो आणि मग हळूहळू वर चढत अर्ध्या ते एका तासात पूर्वपदाला येतो. सामूची मोजपट्टी लॉगॅरिदमिक असते हे विसरू नका. सात ते पाच म्हणजे ‘दोन अंकांचा फरक’ नव्हे. हायड्रोजन आयनांचे प्रमाण शंभरपट झालेले असते.

हा वक्र नीट पाहिला की एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. चहात एक चमचा साखर घाला किंवा दोन, सामू घसरायचा तो घसरतोच. एका चमच्याने तो अर्धा घसरेल असे होत नाही. तुम्ही किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला इथे जास्त वजन आहे. सोयीसाठी प्रत्येक वेळी दात 40 मिनिटे धोक्याच्या रेषेखाली राहतो असे धरू. दिवसातून चार वेळा खाणे-पिणे झाले, तर 160 मिनिटे, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडे कमी. उरलेले एकवीस तास लाळेला दुरुस्तीसाठी मिळतात. दहा वेळा झाले तर 400 मिनिटे, म्हणजे जवळपास पावणेसात तास. झोपेचा वेळ वजा केला, तर जागेपणीचा निम्म्याच्या जवळ जाणारा काळ खर्चाच्या खात्यात गेला. माझ्या त्या सतरावाल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर वक्राला वर चढायला उसंतच नव्हती. पुढचा घोट घेतला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

माणसांवर याची सर्वांत मोठी तपासणी स्वीडनमध्ये लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेत 1945 ते 1955 या काळात झाली. ती कशी झाली हेही तुम्हाला माहीत असावे. संस्थेत राहणाऱ्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या गेल्या. संमती देण्याच्या स्थितीत ते नव्हते आणि अनेकांचे दात कायमचे गेले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र दंतशास्त्राच्या पायाशी आहे. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड थोडी वाढली. जेवणांच्या मधल्या वेळेत, दाताला चिकटून राहणाऱ्या स्वरूपात दिलेल्या साखरेने ती फार वाढली. स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटे फक्त शनिवारी देण्याची पद्धत पुढे रुजली, तिचा उगम इथलाच.

म्हणून मी विद्यार्थ्यांना गोड सोडा असे सांगत नाही. सणाला श्रीखंड खा, जेवणात खा. पण मधल्या वेळेची गर्दी कमी करा. सहा चहांपैकी तीन बिनसाखरेचे केले, तरी खर्चाचे दोन तास वाचतात. मधल्या वेळी भूक लागली तर फुटाणे, शेंगदाणे किंवा काकडी चालेल. बिस्किट आणि वेफर्स खारे असले तरी निर्धोक नाहीत, कारण त्यांतील पिष्टाचा लगदा दाढेच्या खाचांत तासभर बसून राहतो. थंड पेयांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांचा स्वतःचाच सामू अडीच ते तीनच्या दरम्यान असतो, म्हणजे जिवाणूंची मदत न घेता ती इनॅमल विरघळवू शकतात. ‘डाएट’ लिहिलेल्या बाटलीत साखर नसते, आम्ल असतेच. उन्हाळ्यात दिवसभर बाटलीतून थोडे थोडे प्यायलेले लिंबूपाणीही याच यादीत बसते. ते प्यायचेच तर एका बैठकीत प्या आणि वर साध्या पाण्याने चूळ भरा.

जमेच्या बाजूला मुख्य नाव लाळेचे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यातील बायकार्बोनेट आम्ल शमवते आणि कॅल्शियम, फॉस्फेट दुरुस्तीला माल पुरवतात. पण झोपेत लाळेचा प्रवाह जवळजवळ थांबतो. रात्री एकला बिस्किटे खाऊन तसेच आडवे झालात, तर तोच स्टेफन वक्र खाली जातो आणि त्याला वर खेचणारा कामगार रजेवर असतो. सकाळचे घासणे चुकले तर तोंडाला वास येतो, चारचौघांत लाज वाटते, म्हणून ते आपण चुकवत नाही. दाताच्या दृष्टीने मात्र झोपण्यापूर्वीचे घासणे अधिक मोलाचे आहे, आणि नेमके तेच आपण टाळतो. आपल्याकडच्या कित्येक घरांत रात्री दात घासण्याची रीतच नाही. माझ्याही माहेरी नव्हती.

घासण्याचा उद्देश जिवाणूंचा थर मोडणे हा आहे. भांडे घासून चकचकीत करतो तसे दात चकचकीत करायचे नाहीत. थर मऊ असतो आणि मऊ ब्रशने निघतो. कडक ब्रश आडवा, करवतीसारखा फिरवला की हिरडी मागे सरते आणि दाताची मान उघडी पडते. तिथे इनॅमल नसते, त्याहून बरेच मऊ डेन्टिन असते. ते घासून खाच पडते आणि गार पाण्याची कळ मस्तकात जाते. माझ्या वरच्या दोन दातांना अशा खाचा आहेत, त्या अभिमानाच्या दिवसांची आठवण म्हणून. ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्याकडे तिरका, साधारण 45 अंशांत धरावा आणि जागच्या जागी हलके गोलाकार फिरवावा. पूर्ण तोंडाला दोन मिनिटे लागतात, एकदा घड्याळ लावून पाहा, ती फार मोठी वाटतात. लिंबू, संत्रे किंवा थंड पेय नुकतेच घेतले असेल तर अर्धा तास थांबा, कारण त्या वेळी पृष्ठभाग मऊ झालेला असतो. दोन दातांच्या फटीत ब्रशचे केस पोचत नाहीत. तिथे दातांसाठी मिळणारा धागा फिरवावा लागतो. टाचणी किंवा आगपेटीची काडी नव्हे.

घासताना रक्त आले की बहुतेक जण तो भाग सोडून देतात. नेमके उलट करायचे असते. 1965 मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणे पूर्ण थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात सूज उतरली. तेव्हा रक्त येते याचा अर्थ बहुधा तिथे थर साचला आहे. हळुवारपणे पण रोज तो भाग साफ करा. आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही, तर थर घट्ट होऊन त्याचे कीटण झालेले असणार. ते ब्रशने निघत नाही, दवाखान्यात काढून घ्यावे लागते. कीटण काढल्याने दात ढिले होतात हा समज चुकीचा आहे. हिरडी आणि हाड आधीच मागे सरकलेले असते, कीटणाचा टेकू निघाला की ते जाणवते एवढेच.

आता फ्लोराइडकडे वळू, कारण यावर वर्गात सर्वांत जास्त वाद होतात. ‘मॅडम, ते विष असते ना?’ हा प्रश्न ठरलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले, आणि हेही दिसले की हे डागाळलेले दात किडत कमी. कारण 1931 मध्ये सापडले : पाण्यातील फ्लोराइड. लाळेत थोडेसे फ्लोराइड असले की दुरुस्तीच्या वेळी कॅल्शियम आणि फॉस्फेट लवकर बसतात, आणि बनणारा नवा स्फटिक सामू साधारण 4.5 पर्यंत उतरला तरी तग धरतो. मघाचा वक्र आठवा. धोक्याची रेषाच खाली सरकली, तर प्रत्येक खाण्यामागची धोक्याची मिनिटे कमी होतात. आपल्याकडच्या फ्लोराइडयुक्त पेस्टमध्ये ते सुमारे 1000 पीपीएम असते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, पण तोंडभर पाण्याने चार-चार चुळा भरू नका, नाहीतर जे कामाचे ते वाहून जाते. ही एक सवय बदलायला मला स्वतःला महिने लागले.

विषाचा भाग मात्र खोटा नाही, तो मात्रेचा आहे. तेलंगणातील नलगोंडा, राजस्थान आणि गुजरातमधील अनेक भाग, आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावे, इथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला 1 मिलिग्रॅम हे आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त पाणी लहानपणापासून पोटात गेले की इनॅमल घडतानाच बिघडते, आणि फार वर्षे गेले की हाडेही. तुरटी आणि चुना वापरून हे फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केली.

माझ्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी अशा गावातली एखादी मुलगी येते. दातांवर तपकिरी पट्टे. ती हसताना तोंडावर हात धरते. शेजारच्या बाकावर कोणीतरी ठरवून टाकलेले असते की ही दात घासत नाही. ती बहुधा तुमच्याआमच्यापेक्षा जास्त घासत असते, कारण डाग जातील अशी तिला आशा असते. ते घासून जात नाहीत, डाग पृष्ठभागावर चिकटलेला नसून इनॅमलच्या घडणीतच असतो. दंतवैद्य मात्र त्यावर उपचार करू शकतात. आणि ज्याच्या दातांचे इनॅमल लहानपणीच घडून झाले आहे, त्या तुमच्या वयाच्या माणसाला पेस्टमधल्या फ्लोराइडने असे पट्टे पडत नाहीत. पेस्ट गिळायची नसते, एवढे पाळा.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून, कुंचल्यासारखी करून वापरली तर थर काढण्याचे काम ती करते. फक्त दाढांच्या मागे पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसते. राखुंडी, कोळशाची पूड, विटेची पूड यांचे काम म्हणजे पॉलिश पेपरने इनॅमल घासणे. दात पांढरे दिसतात, कारण वरचा थर झिजतो. कोळसा आता काळ्या नळीत भरून महाग विकला जातो, म्हणून त्याचा गुणधर्म बदललेला नाही. नळीवरून आठवले. नळीच्या शेवटच्या टोकावरची हिरवी, लाल किंवा काळी पट्टी पाहून आतली पेस्ट नैसर्गिक की रासायनिक हे ओळखा, असा निरोप तुम्हालाही कधीतरी आला असेल. ती पट्टी पॅकिंग यंत्राच्या प्रकाशसंवेदकासाठी असते. नळी कुठे कापायची, कुठे दाबून बंद करायची हे यंत्राला तीवरून कळते. इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांनी तरी तो निरोप पुढे पाठवू नये.

मिश्री या सगळ्यांहून वाईट. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड महाराष्ट्रात, विशेषतः बायकांत, दात घासण्याच्या नावाखाली वापरली जाते. बिहारमध्ये गुल, छत्तीसगड-ओडिशात गुडाखू, गुजरातेत बजर ही तिची भावंडे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर 1992 मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. घरी भाजलेल्या तंबाखूला ती बंदी गाठत नाही. माझी आजी दिवसातून तीनदा मिश्री लावायची आणि त्याला व्यसन म्हणायची नाही, दात घासणेच म्हणायची. तुमच्या वयाला मिश्री बहुधा नसेल, पण गोड सुपारीची पुडी असेल. तंबाखू नसला तरी नुसती सुपारीही तोंडाच्या आतली त्वचा आवळून टाकते. हळूहळू जबडा उघडेनासा होतो, तिखट सोसत नाही. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा दोन आठवडे उलटूनही न भरलेला व्रण, पांढरा वा लाल चट्टा असेल, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नका.

दवाखान्यात कधी जायचे, याचे उत्तर ‘दुखले की’ असे देण्याची आपल्याला सवय आहे. इनॅमलला नसा नाहीत, त्यामुळे खर्चाचे खाते वाढत असताना ते काहीच कळवत नाही. सुरुवातीला दातावर खडूसारखा निस्तेज पांढरा ठिपका दिसतो. खड्डा अजून पडलेला नसतो आणि या टप्प्यावर फ्लोराइड व कमी खाणी यांनी तो परतवता येतो. कीड डेन्टिनमध्ये शिरली की तिथे खनिज कमी असल्याने ती वेगाने पसरते. तेव्हाही दाढ भरून भागते. ठणका लागतो तोपर्यंत ती बहुतेक वेळा नसेपर्यंत पोचलेली असते आणि मग माझ्यासारखे रूट कॅनाल. भरण्याचा आणि रूट कॅनालवर टोपी बसवण्याचा खर्च यांत फार मोठी तफावत आहे. विद्यार्थ्याच्या खिशाला हे परवडत नसेल, तर जवळच्या दंतवैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, इतर अनेक राज्यांतही आहेत. तिथे तुमच्याच वयाचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासतात, वेळ जास्त लागतो, पैसे कमी लागतात.

पुढच्या तासाला येताना एक काम करून आणा. तीन दिवस, त्यात एक रविवार धरा, पाण्याखेरीज तोंडात गेलेल्या प्रत्येक गोष्टीची वेळ लिहा. सुरुवात आणि शेवट दोन्ही वेळा लिहा, कारण तासभर घोट घेत प्यायलेला चहा हा एक चहा नव्हे. प्रत्येक नोंदीच्या शेवटच्या घासापासून पुढे 40 मिनिटे धरून चोवीस तासांच्या पट्टीवर तो भाग काळा करा. दोन काळे भाग एकमेकांवर चढले तर त्यांना एकच धरा. मग झोपेपूर्वीचा शेवटचा काळा भाग आणि शेवटचे घासणे यांत कोणते आधी येते, ते पाहा.